लॅपटॉप ते रेडिओ: एफटी८ साठी कोणती जोडणी घ्यावी?

डब्ल्यूपीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा, हौशी (हॅम) रेडिओचा परवाना हातात आला, गच्चीवर चाळीस मीटर बँडच्या अँटेनाची वायर ताणून झाली, आता एफटी८, म्हणजे लॅपटॉपने छोटे संदेश सुरांतून पाठवायची पद्धत, सुरू करायचंय. मग लॅपटॉप रेडिओला जोडायचा कसा? परभणी, नांदेड, लातूरकडचे नवे हॅम मला हे नेहमी विचारतात. मी त्यांना आधी बजेट विचारत नाही. टेबलाजवळच्या थ्री-पिन सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, ते विचारतो.

यामागे माझाच अनुभव आहे. पहिल्या हिवाळ्यात मी ७.०७४ मेगाहर्ट्झवर रोज संध्याकाळी बसायचो. लांबलांबचे लोक उत्तर देत होते, त्यामुळे सगळं उत्तम चाललंय अशी माझी खात्री होती. एके दिवशी संभाजीनगरच्या एका ज्येष्ठ मित्राने त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या पट्ट्यावर, माझी एक ठळक रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झवर एक-एक, १०० हर्ट्झवर आणखी एक-एक फिकट रेघ. एफटी८ चा सिग्नल मुळात ५० हर्ट्झच रुंद असतो. म्हणजे मी एकटा पाच जणांची जागा अडवून बसलो होतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, "लॅपटॉपचा चार्जर काढ आणि पुन्हा पाठव." चार्जर काढला, रेघा गेल्या. खोलीतल्या सॉकेटची तिसरी पिन नुसती नावालाच होती. विजेच्या लाइनची गुणगुण लॅपटॉपमधून केबलने थेट रेडिओत शिरत होती.

एफटी८ मध्ये आठ सूर असतात, एकमेकांपासून ६.२५ हर्ट्झवर. पंधरा सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद आपण प्रसारण करतो. साधारण तीन किलोहर्ट्झच्या पट्टीत सगळं जग दाटीवाटीने बसलेलं असतं, म्हणून एकाची घाण डझनभर लोकांना लागते. ही घाण येते तीन वाटांनी: वीजलाइनची गुणगुण, गरजेपेक्षा जास्त दिलेला आवाज, आणि अँटेनाकडून केबलवरून खोलीत परत येणारी आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची ऊर्जा. कोणती जोडणी घ्यायची हे या तिन्हींवरून ठरवा.

सर्वांत स्वस्त म्हणजे घरी बनवलेली केबल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या जॅकमधून एक व्होल्टच्या आसपास आवाज येतो आणि रेडिओच्या माइकला काही मिलिव्होल्टच पुरतात. म्हणून मध्ये दहा हजार आणि शंभर ओहमच्या रेझिस्टरची जोडी टाकून आवाज शंभरपट उतरवावा लागतो. बरेच जण इथेच थांबतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की थांबू नका, येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटांवर एकेक ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. भंगारवाल्याकडे जुने डायल-अप मोडेम मिळाले तर त्यातच तो सापडतो. काळा, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा. जपून डाख सोडवा, पाय तुटू देऊ नका. ट्रान्सफॉर्मर आला की लॅपटॉपचं ग्राउंड आणि रेडिओचं ग्राउंड वेगळं होतं आणि गुणगुणीची वाट तुटते. पीटीटीसाठी, म्हणजे रेडिओला प्रसारणावर नेणाऱ्या कळीसाठी, ऑप्टोकपलर (तारेने न जोडता प्रकाशाने इशारा देणारा भाग) लावा. व्हॉक्सवर भिस्त ठेवू नका, कारण व्हॉक्स कोणत्याही आवाजाला रेडिओ चालू करतो. व्हॉट्सअॅपची टिंग हवेवर गेलेली मी स्वतः ऐकली आहे.

बाहेरून लावायच्या इंटरफेसमध्ये, उदाहरणार्थ सिग्नालिंक यूएसबीमध्ये, हेच सगळं एका डबीत तयार मिळतं. स्वतःचं साउंड कार्ड, आत ट्रान्सफॉर्मर, समोर आवाजाची बटणं. साउंड कार्ड वेगळं असल्यामुळे विंडोजचे बाकीचे आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरवर राहतात. फक्त डबी लावल्यावर विंडोज तिलाच डीफॉल्ट करून टाकतं, ते आठवणीने बदला. समोरचं बटण हाताखाली असणं ही मला यातली सर्वांत मोठी सोय वाटते. बँड बदलला की आवाजाची पातळी बदलावी लागते आणि ती अर्ध्या सेकंदात बदलता येते. पीटीटी मात्र इथे व्हॉक्ससारखं आवाजावरच चालतं.

आयकॉम आयसी-७३०० सारख्या रेडिओत साउंड कार्ड आतच असतं. एका यूएसबी केबलमध्ये आवाज, पीटीटी, फ्रिक्वेन्सी सगळं येतं. नवख्याला हे सर्वांत सोपं वाटतं आणि बहुतेक बाबतीत ते आहेही. पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: त्या केबलने लॅपटॉपचं ग्राउंड रेडिओच्या ग्राउंडला सरळ जोडलं जातं. मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे, माझ्या मते, हा महागडा रेडिओसुद्धा मोडेमच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या केबलपेक्षा घाण सिग्नल देऊ शकतो. हाच घ्यायचा असेल तर आधी वायरमनला बोलवा. आपल्याकडच्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात छान काम करतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की कोरडा पडतो. कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी उन्हाळ्यात त्यात पाणी घालावंच लागतं. ते जमत नसेल तर यूएसबी आयसोलेटर लावा किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

चौथा पर्याय वेगळ्याच जातीचा आहे. क्यूआरपी लॅब्ज या कंपनीचा क्यूडीएक्स हा पाच वॅटचा छोटा रेडिओ लॅपटॉपकडून आलेला सूर तसाच वर चढवत नाही. त्या सुराची फ्रिक्वेन्सी मोजतो आणि तेवढीच रेडिओ फ्रिक्वेन्सी स्वतः तयार करतो. त्यामुळे आवाज जास्त झाला, एएलसी (जास्त झालेला आवाज आपोआप दाबणारी रेडिओतली सोय) हलली, शेजारी भुतं उमटली, हा प्रकारच उरत नाही. ज्याला फक्त एफटी८ किंवा त्यासारखे एका वेळी एकच सूर वापरणारे मोड करायचे आहेत, त्याने दुसरीकडे बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीएसके३१ हा टाइप करून गप्पा मारायचा मोड मात्र यावर नीट होत नाही, कारण त्यात सिग्नलची उंची सतत कमी-जास्त व्हावी लागते. बोलणं तर नाहीच. आणि हा बारा व्होल्टसाठी बनवला असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीला थेट जोडू नका. चार्जिंग चालू असताना ती बॅटरी चौदा व्होल्टच्या वर जाते आणि आतले छोटे ट्रान्झिस्टर उडतात. मध्ये रेग्युलेटर घाला. भारनियमनात तासन्‌तास चालतो म्हणून खेड्यातल्या मित्रांना मी हाच सुचवतो.

पहिल्या तिन्ही जोडण्यांमध्ये आवाजाची पातळी तुमच्याच हातात राहते, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. समजा तुम्ही ७०० हर्ट्झवर प्रसारण करताय आणि आवाज जास्त झालाय. मग १४००, २१०० आणि २८०० हर्ट्झवर तुमच्याच सिग्नलच्या प्रती उमटतात. त्या सगळ्या रेडिओच्या फिल्टरमध्ये बसतात, म्हणून बाहेर जातात. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये स्प्लिटसाठी 'रिग' किंवा 'फेक इट' निवडा. मग सॉफ्टवेअर तुमचा सूर नेहमी १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतं आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी हलवून तुम्हाला हवी ती जागा देतं. १५०० ची दुप्पट ३०००, ती फिल्टरच्या बाहेरच अडते. एवढ्या एका सेटिंगने निम्म्या तक्रारी संपतील. मग रेडिओतला आवाजाचा कॉम्प्रेसर बंद करा, विंडोजमधले आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा, आणि उजवीकडची पॉवरची पट्टी खालून हळूहळू वर न्या. एएलसीचा काटा जेमतेम हलला की तिथून थोडं मागे या. पॉवर वाढत नाही म्हणून आवाज वाढवत राहू नका.

पीएसके३१ ला हे आणखी कडक लागू होतं. एफटी८ ची उंची सपाट असते, म्हणून तो थोडंफार सहन करतो. पीएसके३१ मध्ये ती दर फेज-पलटीला शून्यावर येते, त्यामुळे एएलसीने जराही दाबलं की दोन्ही बाजूंना शिडीसारखे पट्टे दिसतात. तो मोड मनापासून करायचा असेल तर बाहेरचा इंटरफेस किंवा आतलं साउंड कार्ड, यातलंच एक घ्या.

राहिली परत येणारी आरएफ. आपल्याकडे गच्चीवर जागा कमी, म्हणून बरेच जण एका टोकाला फीड दिलेली वायर वापरतात. तिचा परतीचा प्रवाह कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, बाहेरून चालत टेबलापर्यंत येतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्रसारण सुरू झालं की माउस अडकतो किंवा यूएसबी सुटते. फेराइटच्या टोरॉइडवर (कड्यावर) कोॲक्सचे दहा-बारा वेढे घेऊन चोक बनवा, तो केबल खोलीत शिरते तिथे लावा, आणि यूएसबी केबललाही फेराइट घाला. चारही पर्यायांना हे लागतंच. शेतीपंपाच्या किंवा सोलर कंट्रोलरच्या आवाजाचा त्रास हा ऐकण्याचा प्रश्न आहे, त्याने तुमचा सिग्नल खराब होत नाही.

मी स्वतः आज दोन गोष्टी वापरतो. घरी मोडेमच्या ट्रान्सफॉर्मरवाली केबल आणि जुना रेडिओ, शेतावर क्यूडीएक्स. नवा माणूस लातूर-नांदेडसारख्या शहरात नीट अर्थिंगच्या घरात राहत असेल आणि बोलणंही करणार असेल, तर त्याने आत साउंड कार्ड असलेला रेडिओ घ्यावा. जुन्या वाड्यात भाड्याने राहत असेल, तर ट्रान्सफॉर्मरवाला बाहेरचा इंटरफेस.

काहीही घेतलं तरी पहिल्या दिवशी गावातल्याच एखाद्या हॅमला फोन करा. दोन-तीन किलोमीटरवर असलेला चालेल, त्याच्याकडे सात मेगाहर्ट्झ ऐकू शकणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर चालणारा छोटा रिसीव्हर) असला तरी पुरे. पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर सिग्नल कुठवर पोचला ते दिसतं, तो स्वच्छ आहे का ते दिसत नाही. त्याला सांगा की माझ्या रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला ५० आणि १०० हर्ट्झवर काय दिसतंय ते बघ, आणि दुपटीच्या जागीही बघ. मग चार्जर लावून एक पाळी पाठवा, चार्जर काढून एक, आणि दोन्हींचे फोटो त्याच्याकडून मागवून घ्या.