ठेका कापावा की त्यावर थर चढवावेत?

राजवाड्याजवळच्या आपल्या इंदुरी मैफलींतला तबला सॅम्पलरमध्ये (आवाज टिपून पॅडवर वाजवणाऱ्या यंत्रात) घेतला, की दोन वाटा फुटतात, स्लाइसिंग म्हणजे तुकडे कापणं आणि ओव्हरडबिंग म्हणजे एकावर दुसरा थर चढवणं.

तीनतालाला मी स्लाइसिंगच घेईन. मात्रा १६, आणि १९८८ च्या अकाई एमपीसी ६० या सॅम्पलरवर पॅडही १६! १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) आवर्तन ८ सेकंदांत पुरं होतं. आजची यंत्रं ठोका ओळखून आपोआप कापतात, पण डग्ग्याची घुमारी पुढच्या तुकड्यात सांडते. क्रम बदलला की ती मध्येच तुटते, 'टक्' असा आवाज येतो. म्हणून कापाची जागा कानानेच पक्की करावी आणि तुकड्याच्या शेवटी बारीकसा फेड द्यावा, म्हणजे आवाज हळूहळू विरू द्यावा. मेहनतीचं काम आहे, पण तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारे बोल) नव्याने रचायचा आनंद इथेच मिळतो.

विलंबित (संथ) झुमरा तालाचं मात्र वेगळं. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांनी इंदूरचं नाव ज्या ठेक्यात गाजवलं, त्या १४ मात्रांतली आस (रेंगाळणारा नाद) कापायला हात धजत नाही. तिथे अखंड आवर्तनावर हार्मोनियमचा लेहरा (आवर्तनभर फिरत राहणारी धून) ओव्हरडब करावा. पहिला थर हळू आवाजात ठेवा, कारण हुबेहूब दोन थर मिळून पातळी ६ डेसिबलने चढते. शिवाय थर एकाच सॅम्पलमध्ये मिसळले, तर नंतर वेगळे निघत नाहीत. मूळ प्रत आधी जपून ठेवा.