नवी म्हणून विकलेली, तीन वर्षं राबलेली हार्ड डिस्क

आमच्या महापेच्या ऑफिसातून कोकणात जाणाऱ्या खासगी बसगाड्यांचं बुकिंग चालतं. गणपतीच्या आधी सर्व्हरवर नुसती झुंबड उडते. म्हणून वाशीतल्या एका विक्रेत्याकडून सीगेट कंपनीच्या १६ टीबीच्या चार हार्ड डिस्क घेतल्या. भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी. फार कमी असता तर कुणालाही वास आला असता. माणूस धंद्यात मुरलेला. सीलबंद पिशवी, जीएसटी बिल, वर "साहेब, पाच वर्षं कंपनीची वॉरंटी." डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट'मध्ये चालू राहिल्याचे तास जवळजवळ शून्य.

ऐन गर्दीत एक डिस्क गेली. डिस्क 'रेड ५' पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे एक गेली तरी बाकीच्यांवरून डेटा मिळतो, त्यामुळे काम थांबलं नाही. राखीव डिस्क घालून रिबिल्ड, म्हणजे गेलेला डेटा तिच्यावर पुन्हा उभा करायचं काम, लावला. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात, त्यात बुकिंगचा मारा चालूच. दुसरीनेही मान टाकली आणि सगळा ॲरे, म्हणजे डिस्कचा जोडलेला संचच, बसला. रात्रीचा बॅकअप होता, पण त्या दिवसाची बुकिंगं गेली ती गेलीच. प्रवाशांना फोन करकरून सीटा जुळवाव्या लागल्या.

मग डिस्क उजेडात धरून पाहिल्या. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे, स्क्रूच्या भोकांच्या कडा घासलेल्या. सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टखेरीज 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. स्मार्टचे आकडे पुसणाऱ्यांचा हात बऱ्याचदा तिथवर पोचत नाही. तिथे २६ हजारांवर तास निघाले, म्हणजे तीन वर्षं अखंड राबलेला माल! २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या सीगेट डिस्कमध्ये हाच प्रकार उघडकीस आला होता. चिया या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या आभासी चलनाच्या मायनिंगमधून त्या आल्याचा संशय होता. आमच्या डिस्कचे सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकले, तर वॉरंटी केव्हाच संपलेली.

विक्रेता आधी म्हणाला, "तुमचं कूलिंग तपासा." मग, "माल वरूनच असा येतो." ग्राहक आयोगात जावं, तर व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू म्हणून कायद्याने आम्ही 'ग्राहक'च ठरत नाही. वकिलाची नोटीस धाडली आहे.

तुम्ही घेत असाल तर पैसे देण्याआधी सीरियल नंबर मागून वॉरंटी बघा, आणि बिलावर 'नवीन' या शब्दासकट ते नंबर लिहून घ्या. पिशवी फोडताना नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा. आमच्या बिलावर फक्त मॉडेल आहे, आणि नोटिशीला त्याचं उत्तर आलंय: "या डिस्क आमच्या दुकानातल्या नव्हेतच."