बडोद्यात बाटली घरपोच येते, मीटिंग शोधावी लागते

रेटिंग: ५ पैकी ४. एक का कापला ते पुढे येईल.

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना मदत करतात ते) मीटिंगांचा आहे, दवाखान्याचा किंवा नशामुक्ती केंद्राचा नाही. आमचं घर दांडिया बाजारकडचं, तीन पिढ्या बडोद्यात. बाहेरच्यांना वाटतं गुजरात १९६० पासून ड्राय म्हणजे इथे कोण पितो. आमच्याकडे एक फोन केला की वीस मिनिटात माणूस स्कूटरवर गल्लीच्या तोंडाशी हजर, आणि मीटिंगचा पत्ता मिळायला मला तीन आठवडे लागले. एका साइटवर जो पत्ता होता तिथे गेलो तर कोचिंग क्लास निघाला, पोरं माझ्याकडे बघतायत, मी म्हटलं भाच्याची चौकशी करायला आलोय.

इथे एक भीती बाकी गावांत नसेल अशी आहे. परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, मग चार अनोळखी लोकांत उभं राहून मी पितो म्हणून सांगायचं म्हणजे कबुलीजबाबच की, असं मला खरंच वाटायचं. बायकोला म्हटलंसुद्धा, उद्या कोणी पोलिसात सांगितलं तर? ती म्हणाली पितोस तेव्हा पोलीस आठवत नाहीत का. गप्प बसलो. तिथे गेल्यावर कळलं की रजिस्टर नाही, आडनाव विचारत नाहीत, आधार वगैरे तर लांबच. आत यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. फी नाही. शेवटी एक थैली फिरते, जमलं तर दहा-वीस टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही. बाहेरच्यांकडून देणगी घेतच नाहीत, हा त्यांचा नियमच आहे.

पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या खुर्चीवर, स्कूटरची किल्ली हातात तशीच धरून. एक गुजराती काका आले, आवो, बेसो, चा पीशो? एवढंच. नाव नाही, कधीपासून पिता नाही, उपदेश तर नाहीच. चहा मात्र भयंकर गोड. नंतर कळलं दारू सुटली की बऱ्याच जणांना गोड खावंसं वाटतं, म्हणून तसाच करतात.

मीटिंग दीड तासाची, एकेक जण उठून आपलं सांगतो, मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, आणि हेच मला सगळ्यात आवडलं कारण घरी-ऑफिसात सगळे सल्लेच देत होते. दुसऱ्यांचं ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं म्हणून माझंच सांगतो. मी बाटली माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्यात ठेवायचो, वर्षातून एकदाच उघडतात म्हणून, आणि दिवाळीला मुलगी स्टूलवर चढली. हे मी सांगितलं तेव्हा मागून दोघं तिघं हसले, चेष्टेचं नाही, ओळखीचं हसू, आणि मलाही हसू आलं. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

आता एक स्टार. बारा स्टेप्समध्ये (दारू सोडायच्या ए.ए.च्या बारा पायऱ्या) देव बराच येतो, आपापल्या समजुतीचा असं म्हणतात खरं, पण सुरुवातीला मला सासूबाईंच्या सत्संगात बसल्यासारखं व्हायचं. माझ्या स्पॉन्सरने (म्हणजे आपल्या आधी सोडलेला जुना मेंबर, ज्याला रात्री अकराला पण फोन करता येतो) सांगितलं देव बाजूला ठेव, आज पिऊ नकोस, उद्याचं उद्या. ते जमलं.

दुसरं भाषेचं. मी गेलो त्या मीटिंगा हिंदी-गुजरातीत चालतात, मला दोन्ही येतात, जन्म इथलाच. तरी आईबद्दल बोलायला उठलो आणि हिंदीत एक वाक्य निघेना. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसायचं सोडून मी कुठे होतो, हे हिंदीत म्हटलं की दुसऱ्याच कोणाची गोष्ट वाटायची. मग स्पॉन्सरनेच (तो गुजराती बरं का) झूमवरची मराठी मीटिंग शोधून दिली. तिकडची मंडळी महाराष्ट्रातली, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, तिथे बोललो एकदाचा. आता आठवड्यातून दोन इथे जाऊन, एक झूमवर. नुसतं झूम पुरत नाही, हे माझं मत, खोलीत बसल्यावर चुळबुळ कमी होते.

महत्त्वाचं: रोज भरपूर पीत असाल तर मीटिंग ऐकून त्याच दिवशी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, आणि पहिल्या दोन-तीन दिवसात फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंगमध्ये कोणी डॉक्टर म्हणून बसलेलं नसतं, १९३५ ला अमेरिकेत ज्या दोघांनी हे सुरू केलं त्यातला एक सर्जन होता, पण तो पण तिथे दारुडा म्हणूनच बसायचा. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.

पत्ता कुठे मिळेल म्हणाल तर ए.ए.च्या भारतातल्या ऑफिसच्या साइटवरून नंबर घ्या आणि निघायच्या आधी फोन करा, मी केला नाही म्हणून कोचिंग क्लासला पोचलो. ग्रुप ओपन आहे की क्लोज्ड तेही विचारा, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय तेच बसतात, ओपनला घरचेही येऊ शकतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं. एका ग्रुपात करमलं नाही तर दुसरा बघा, मला पहिला अजिबात जमला नव्हता, फार मोठ्याने बोलायचे.

बायको एकदाच आली, ओपन मीटिंगला, माझं एक वर्ष झालं तेव्हा. काही बोलली नाही. येताना आम्ही शेव उसळ खाल्ली, दोन प्लेट, आणि घरी आल्यावर तिने माळ्यावरचं ते खोकं काढून रद्दीत दिलं, कंदील आता कपाटावर असतो.