'अमेरिकेतून भरपाई मिळवून देतो' म्हणणाऱ्याने आमच्या घरातून काय काय नेलं

तुमच्या घरातल्या कुणी लॅगिंग, सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग, गोदी किंवा जहाजतोडणीचं काम केलं असेल आणि आता उतारवयात त्यांना धाप लागत असेल, छातीत पाणी होत असेल, तर हे जरूर वाचा. आमच्या अण्णांना २०२२ मध्ये मेसोथेलिओमा निघाला, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. त्या आजारपणात एका माणसाने आम्हाला पद्धतशीर फसवलं. पैसे गेलेच. पण त्याहून वाईट म्हणजे अण्णांच्या बाजूने बोलणारे कागद आणि त्यांच्या गाठीचा तुकडासुद्धा तो घेऊन गेला.

अण्णा १९७४ मध्ये संगमेश्वरहून मुंबईला आले आणि एका ठेकेदाराकडे लॅगिंगच्या कामाला लागले. बॉयलर आणि वाफेचे पाइप थंड पडू नयेत म्हणून त्यांवर जाड थर चढवतात, ते हे काम. त्या काळी तो थर ॲस्बेस्टॉसचा असायचा. गोणीतली पांढरी पावडर पत्र्याच्या पिंपात ओतायची, पाणी घालून हातानेच कालवायची आणि तो लगदा पाइपवर थापायचा. वाकड्या जागी ॲस्बेस्टॉसची दोरी सुरीने कापून गुंडाळायची. जुना थर काढताना हातोडीने फोडत, तेव्हा शेजारचा माणूस दिसेनासा व्हायचा, असं अण्णा सांगत. तोंडाला रुमाल, तोही स्वतःचा. तेच कपडे आई घरी मोरीत धूत असे. नोकरी ठेकेदाराची, पण काम सगळं मोठ्या कंपन्यांच्या आवारात. २०१० मध्ये निवृत्त झाले तेव्हा पगार ९,००० रुपये होता.

हा रोग धूळ छातीत गेल्यावर लगेच होत नाही. साधारण वीस ते पन्नास वर्षं जातात. फुफ्फुसाच्या आवरणात गेलेले ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू शरीराला बाहेर टाकता येत नाहीत आणि त्यातून पुढे कॅन्सर होतो. लक्षणं दम लागण्याची आणि छातीत पाणी होण्याची, त्यामुळे आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो. अण्णांनाही आधी ए.के.टी., म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. पाणी काढलं की भरायचं, काढलं की भरायचं. शेवटी परळला दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढला, त्यावर विशेष रंगचाचण्या केल्या, तेव्हा निदान पक्कं झालं. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा रोग पुष्कळदा सापडत नाही. टीबीची औषधं घेऊनही पाणी परत परत होत असेल तर बायोप्सीचा आग्रह धरा, आणि पेशंटने आयुष्यभर काय काम केलं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. विचारतीलच असं नाही.

तो माणूस भेटला रुग्णालयाबाहेर, चहाच्या टपरीवर. बोलता बोलता आमच्याच तालुक्यातला निघाला. म्हणाला, "ताई, मी युनियनच्या ऑफिसात होतो. या आजाराला अमेरिकेत कोट्यवधी ठेवलेत, घ्यायला माणूस नाही." त्याने मोबाइलवर इंग्रजी पानं दाखवली आणि ती पानं खोटी नव्हती. फसवणूक इतकी पचली ती यामुळेच.

अमेरिकेत जॉन्स-मॅनव्हिल ही ॲस्बेस्टॉसमधली बलाढ्य कंपनी. तिच्यावर कामगारांचे इतके दावे लागले की १९८२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे १९८८ मध्ये रुग्णांना भरपाई देण्यासाठी एक ट्रस्ट उभा राहिला. नंतर दिवाळखोर झालेल्या आणखी कितीतरी कंपन्यांचे असेच ट्रस्ट झाले. हे सगळं खरं आहे. त्या माणसाने जे सांगितलं नाही ते असं: या ट्रस्टकडून पैसे मिळायला रुग्णाचा त्याच कंपनीच्या मालाशी संबंध आला होता हे दाखवावं लागतं. कुठल्या जागी, कुठल्या वर्षी, कुठला माल, सगळं. मॅनव्हिल ट्रस्ट तर दाव्याच्या ठरलेल्या किमतीतली थोडीच टक्केवारी हातात देतो, कारण दावेदार फार आणि पैसा मर्यादित. आणि तिथले वकील अशा दाव्यांत सहसा आधी फी मागत नाहीत, मिळालेल्या रकमेतून टक्के घेतात. अण्णांच्या गोणीवर कुठल्या कंपनीचं नाव होतं, हा प्रश्न त्या माणसाने एकदाही विचारला नाही. तुमच्याकडे असं कुणी आलं तर पहिला हाच प्रश्न त्याच्यापुढे टाका आणि उत्तर ऐका.

आधी ३५,००० रुपये 'नोंदणी'चे गेले. मग 'अमेरिकन तज्ज्ञांचा अभिप्राय' म्हणून ६०,०००. हे यूपीआयने, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. अभिप्राय एका पीडीएफमध्ये आला. वर गरुडाचं चित्र, खाली सही. माझ्या भावाने तो नीट वाचला तर त्यात उजव्या फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर लिहिलेला. अण्णांचा रोग डाव्या बाजूला होता. विचारल्यावर "टायपिंगची चूक, दुरुस्त करून मागवतो" असं उत्तर मिळालं, आणि त्या दुरुस्तीसाठीच म्हणे बायोप्सीचा ब्लॉक अमेरिकेला पाठवावा लागणार होता.

ब्लॉक म्हणजे काय ते सांगते, कारण पेशंटच्या घरच्यांना बहुधा माहीत नसतं. काढलेला तुकडा मेणात बसवून छोट्या प्लॅस्टिकच्या जाळीदार डबीत जपून ठेवतात. आतला तुकडा फार तर अंगठ्याच्या नखाएवढा. त्याचे पातळ काप काढून स्लाइड बनवतात. दुसरीकडे निदान तपासून घ्यायचं असेल, नवी चाचणी करायची असेल, तर हाच ब्लॉक लागतो. पॅथॉलॉजीतून तो अर्ज करून मिळतो. त्या माणसाने अर्ज स्वतः लिहून आणला, अण्णांची सही घेतली आणि ब्लॉक नेला. त्याच्याबरोबर अण्णांचे जुने गेटपास, पी.एफ.च्या स्लिपा आणि एक्स-रेच्या प्लेटीही नेल्या, 'व्हेरिफिकेशन'साठी. आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मुखत्यारपत्र करून घेतलं.

पुढे व्हॉट्सॲपवर पत्र आलं: २,४०,००० डॉलर मंजूर. ते सोडवायला १,८०,००० रुपये टॅक्स भरा. त्या वेळी अण्णांची केमो चालू होती, घरात तेवढे पैसे नव्हतेच. आम्ही थांबलो आणि त्याचा फोन बंद झाला.

इथपर्यंतचा प्रकार लॉटरीच्या नावाने लोकांना गंडा घालतात तसलाच. दुसरा घाव कळला तो आम्ही इथल्या भरपाईसाठी वकील गाठले तेव्हा. कंपनीकडून उत्तर आलं की हा माणूस ठेकेदाराचा, आमचा नव्हे, आणि शिवाय याचा हिशोब मिटलेला आहे. सोबत कागदाची प्रत जोडलेली. आमच्या मुखत्यारपत्रावर त्या माणसाने ठेकेदाराशी १,५०,००० रुपयांत 'पूर्ण व अंतिम' तडजोड करून पैसे उचलले होते. आम्हाला त्यातला एक रुपया दिसला नाही.

आता हे नीट लक्षात घ्या. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे व्यवसायजन्य रोग म्हणून आहेत. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. आमचं प्रकरण जुन्या कायद्याखालचं, म्हणून कलमं त्यातली देते. कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून, म्हणजे ज्या कंपनीचं काम होतं तिच्याकडून, मागता येते, ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. कलम ९ प्रमाणे भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही. 'मिळतील त्यातले चाळीस टक्के माझे' असे करार लोक स्टॅम्प पेपरवर करून देतात, ते या कलमापुढे टिकत नाहीत. कलम १७ सांगतं की हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. आणि कलम २८ प्रमाणे एकरकमी तडजोड झाली तर ती आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखाली भरपाईचे दावे पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा फसवून, दबावाने सही घेतल्याचं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीच झाली नसेल तर कलम २९ प्रमाणे मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. आमच्या 'तडजोडी'ची नोंदणी कुठेच नव्हती.

रक्कम किती होते तेही सांगते. काम करण्याची क्षमता पूर्ण गेली तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. ६५ आणि त्यापुढच्या वयाला गुणक ९९.३७. अण्णांच्या पगाराचे ६० टक्के ५,४०० रुपये, म्हणजे ५,३६,५९८. वेळेत दिली नाही तर वर व्याज. त्या माणसाने ते दीड लाखात विकलं. ज्यांची ई.एस.आय. (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात होती त्यांना मात्र या कायद्याखाली मागता येत नाही, त्यांचा दावा ई.एस.आय.कडेच करायचा. तुमचं कुठलं हे आधी पाहा.

खरी अडचण पुराव्याची. नोकरीत असतानाच रोग निघाला तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध करायचं मालकाने. निवृत्तीनंतर निघाला तर तो त्याच कामातून आला हे आपल्याला दाखवावं लागतं. आणि हा रोग तर बहुतेकांना निवृत्तीनंतरच दिसतो! म्हणून गेटपास, पी.एफ.च्या स्लिपा आणि तो एवढासा ब्लॉक यांची किंमत. कंपनीच्या बाजूने लगेच मुद्दा आलाच की अण्णा बिडी ओढत. बिडीने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, ॲस्बेस्टॉसच्या जोडीने तर त्याचा धोका कितीतरी वाढतो. पण मेसोथेलिओमा बिडी-सिगारेटने होत नाही. अण्णांचा रोग मेसोथेलिओमाच आहे हे दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून दाखवायची वेळ आली आणि ब्लॉक हातात नव्हता. नशिबाने पॅथॉलॉजीत मूळ स्लाइड शिल्लक होत्या.

उपचारांबद्दल थोडं. हा रोग मुळापासून बरा करणारं औषध नाही, आणि तसं सांगणारा वैद्य असो की डॉक्टर, त्याच्यापासून लांब राहा. केमोत पेमेट्रेक्सेड आणि सोबत सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन देतात. पेमेट्रेक्सेडच्या आधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२ चं इंजेक्शन लागतं, ते चुकवू नका. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी २०२० पासून वापरात आली. तिच्या अभ्यासात निम्मे रुग्ण १८.१ महिन्यांहून अधिक जगले, केमोवर हाच आकडा १४.१ होता. फरक आहे, पण खर्च पाहता घरदार विकण्याआधी डॉक्टरांशी सरळ बोला. पाणी पुन्हा भरू नये म्हणून छातीत टाल्कची पावडर सोडतात किंवा बारीक नळी बसवून देतात. अण्णांना सगळ्यात जास्त आराम त्या नळीने पडला, रात्री आडवं होऊन झोपता आलं.

अण्णा २०२३ मध्ये गेले. दावा आता आईच्या नावाने चालू आहे. मृत्यूनंतरची भरपाई मालकाला परस्पर कुणाच्या हातात देता येत नाही, आयुक्तांकडेच भरावी लागते, त्यामुळे यात दलालाला शिरकाव नाही. जुन्या कायद्याप्रमाणे दावा दोन वर्षांत दाखल करायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगारांना आणि स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न पाहत नाहीत. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा. आम्हाला तो नंबर कळेपर्यंत खाती रिकामी झाली होती. पोलिसांत तक्रार आहे. मुखत्यारपत्र लेखी रद्द करून त्याची प्रत कंपनीला आणि ठेकेदाराला पोच घेऊन दिली आहे. ज्यांनी अशा कागदावर सही केली असेल त्यांनी हे आजच करावं.

पी.एफ. कार्यालयातून अण्णांच्या खात्याचा जुना उतारा मिळाला, त्यावर ठेकेदाराचा कोड आहे. त्यांच्याबरोबर लगदा कालवणाऱ्या दोघांनी प्रतिज्ञापत्रं दिली. त्यातल्या एका काकांच्या छातीत गेल्या महिन्यात पाणी निघालं. त्यांची बायोप्सी झाली तेव्हा आम्ही सोबत होतो. ब्लॉक रुग्णालयातच ठेवलाय, पावती काकूंकडे आहे, आणि मूळ गेटपासच्या जागी वकिलांना सही केलेल्या प्रती दिल्या आहेत.