फार्मसी फर्स्ट: केमिस्टकडे काय मिळतं, कुठे अडतं

इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ‘फार्मसी फर्स्ट’ या सेवेत सात दुखण्यांसाठी थेट केमिस्टकडे जाता येतं आणि गरज असेल तर जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकही मिळतं. (स्कॉटलंडमध्ये याच नावाची सेवा 2020 पासून आहे, पण तिचे नियम वेगळे. दोन्हींची गल्लत नको.)

आधी वय बघा, कारण बरेच लोक इथेच परत फिरतात. लघवीचा संसर्ग: फक्त बायका, 16 ते 64. नागीण: 18 पासून पुढे. सायनस: 12 पासून. घसा: 5 पासून. कान: 1 ते 17, म्हणजे मोठ्यांचा कान यात नाही. इम्पेटिगो (त्वचेवर फोड आणि खपल्या येणारा संसर्ग) आणि चिघळलेला कीटकदंश: 1 वर्षापासून.

वयात एक दिवसाचा फरक असला तरी फार्मासिस्ट ‘चालवून’ घेत नाही, आणि तो आडमुठेपणा नव्हे. तो औषध देतो ते पेशंट ग्रुप डायरेक्शन, म्हणजे पीजीडी, या लेखी आदेशाखाली. कोणाला, कोणतं औषध, किती दिवस आणि कोणाला नाही, हे सगळं त्यात आधीच ठरलेलं असतं. त्याबाहेर दिलं तर ते बेकायदा. फार्मासिस्टला स्वतःला त्यावर सही करावी लागते आणि ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. बदली फार्मासिस्टने सही केली नसेल, तर त्या दिवशी दुकान उघडं असूनही तुमचं काम होत नाही. निघण्याआधी फोन करावा तो यासाठी.

सेवेचा सगळ्यात चोख भाग लघवीच्या संसर्गाचा. प्रश्न तीन: लघवी करताना जळजळ, रात्री नव्यानेच उठावं लागणं, गढूळ लघवी. यातली दोन किंवा तीन लक्षणं असतील तर पुढचा विचार होतो. त्रास सौम्य असेल तर नुसतं वेदनाशामक. जास्त असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 3 दिवस, म्हणजे एकूण 6 कॅप्सूल. खाऊन घ्यायच्या. सोबत लघवीची जळजळ कमी करणारी सायट्रेटची पुडी घेऊ नका. लघवी अल्कलाइन झाली की हे औषध कमी चालतं. गरोदर असाल, 6 महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला असेल, ताप आणि कुशीत दुखणं असेल, तर हे प्रकरण डॉक्टरांचं.

नागिणीतही सेवा उपयोगी, कारण तिथे घड्याळ चालू असतं. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू व्हावं. काही निवडक रुग्णांना आठवडाभरापर्यंत मुभा आहे. असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस: 35 गोळ्या, आणि मधला एखादा डोस हमखास चुकतो. फोनवर गजर लावा.

घशासाठी ‘फीव्हरपेन’ नावाचे गुण मोजतात: 24 तासांत ताप, टॉन्सिलवर पू, त्रास सुरू झाल्यापासून 3 दिवसांच्या आत दाखवायला येणं, टॉन्सिल खूप सुजलेले, खोकला-सर्दी नसणं. प्रत्येकाचा एक गुण. 4 किंवा 5 झाले तरच फिनॉक्सिमिथिलपेनिसिलिन या अँटिबायोटिकचा विचार, नाहीतर वेदनाशामक. ‘एवढा घसा दुखतोय, तरी गोळी नाही?’ ही तक्रार समजते, पण इथे सेवा बरोबर वागते. कानाचा निवाडा ओटोस्कोपवर (कानात बघायच्या दुर्बिणीवर), आणि तो वापरणाऱ्याच्या सरावावर. सायनस सगळ्यात निराशाजनक: 10 दिवस उलटले नसतील तर सेवेत बसतच नाही.

आता कोणी फारशी सांगत नाही अशी बाब. सुरुवातीला ठरलेला मोबदला एका सल्ल्याला 15 पौंड होता, पण थेट आलेला रुग्ण निकषांत बसला नाही तर फार्मासिस्टला त्याचे पैसे मिळत नाहीत. पंधरा मिनिटं तपासलं, समजावलं, सगळं फुकट. म्हणून जीपीच्या रिसेप्शनवरून ‘केमिस्टकडे जा’ एवढंच ऐकून निघू नका. ‘इलेक्ट्रॉनिक रेफरल पाठवा’ म्हणा. तुमची नोंद राहते आणि समोरच्याचं कामही मोजलं जातं. अँटिबायोटिकला प्रिस्क्रिप्शनचा नेहमीचा आकार पडतो; ज्यांना माफ आहे त्यांना इथेही माफ.

फार्मासिस्टच्या हाताखालच्या फार्मसी टेक्निशियनांचं काय? 26 जून 2024 पासून नोंदणीकृत टेक्निशियनांनाही पीजीडीखाली औषध देण्याची कायद्याने परवानगी मिळाली. पण कायद्याने दार उघडलं म्हणून प्रत्येक सेवेत लगेच प्रवेश मिळत नाही: त्या-त्या पीजीडीत त्यांचा व्यवसाय लिहिलेला असावा लागतो, आणि या सात आजारांचे पीजीडी सुरुवातीला फक्त फार्मासिस्टसाठीच निघाले. तसंच 2026 पासून नव्याने नोंदणी होणारे फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देण्यास पात्र असतील, पण एनएचएसने त्या कामाचं कंत्राट दिल्याशिवाय काउंटरवर चिठ्ठीचं पॅड निघणार नाही.

माझे गुण: लघवीचा संसर्ग आणि नागीण यांसाठी पाचपैकी साडेचार, घशासाठी चार, लहान मुलांच्या कानासाठी तीन, सायनससाठी दोन.