टॅलीप्राइम: ई-इन्व्हॉइस रुजलं, स्टॉक का अडला?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) बिनधास्त घ्यावं. त्याच लायसन्समध्ये मिळणारा स्टॉकचा भाग मात्र बऱ्याच गाळ्यांत नुसता पडून असतो. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरचे, मग असं का?

ई-इन्व्हॉइसच्या मागे कायद्याचा रेटा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला ते लागू झालं, ऑगस्ट २०२३ मध्ये मर्यादा ५ कोटींवर आली. आयआरएन, म्हणजे पोर्टलकडून मिळणारा नोंदणी क्रमांक, नसलेलं बिल गिऱ्हाईक परत पाठवतं, कारण त्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं. शिवाय अकाउंटंटला नवं काही शिकावं लागलं नाही; नेहमीचं सेल्स व्हाउचर (विक्रीची नोंद) सेव्ह केलं की बिलावर क्यूआर कोड येतो. अडतं ते मास्टरमध्ये, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या माहितीत: पिनकोड राज्याशी जुळत नाही, मालाचा एचएसएन कोड सहाऐवजी चार अंकी, बिल नंबर १६ अक्षरांहून लांब. चुकलेलं बिल २४ तासांत रद्द करता येतं, पण तो नंबर पुन्हा चालत नाही. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला, तर ओटीपीसाठी त्याच्या विनवण्या आल्याच!

स्टॉकमध्ये राबतो स्टोअरकीपर आणि रिपोर्ट बघतो मालक. राबणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, इथेच निम्मा खेळ संपतो. उरलेला युनिटमध्ये: कॉइल किलोत येते, पार्ट नगात जातो. बीओएममध्ये (एका पार्टला किती माल लागतो त्या यादीत) स्क्रॅप धरला नाही की टॅलीतली कॉइल आणि रॅकवरची कॉइल यांचा मेळ बसत नाही आणि सगळे पुन्हा वहीकडे वळतात. मग आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म, भरताना माल पाठवल्याच्या जुन्या चलनांची शोधाशोध. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवसापासून तो विक्रीच धरला जातो, हे तेव्हा आठवतं.

सुरुवात सगळ्या आयटमनी करू नये. सर्वांत महागडे १५-२० कच्चे माल, एकच गोदाम, ओपनिंग स्टॉक प्रत्यक्ष मोजून. टॅलीत एफ११ दाबून येणाऱ्या सेटिंगमध्ये जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू करा. मटेरियल आउटची (बाहेर गेलेल्या मालाची) नोंद झाल्याशिवाय गेटपास नाही, आणि मॅन्युफॅक्चरिंग जर्नल, म्हणजे किती माल वापरून किती पार्ट बनले ती नोंद, रोज संध्याकाळी. वही त्याच दिवशी बंद, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतात.

सिल्व्हर लायसन्सवर हे जमवायला जाऊ नका. ते एकाच यूजरचं असतं. अकाउंटंट बसला की स्टोअरकीपर ताटकळतो. अनेक यूजरना चालणाऱ्या गोल्ड लायसन्सचा खर्च झेपत नसेल, तर तूर्त ई-इन्व्हॉइसपुरतंच वापरा.