पेटी की पियानो रोल? गेमची चाल उलगडायची तर

धुळ्याचा मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, गेमच्या धुना कशा बांधतात आणि पुढच्या लेव्हलला त्याच धुनेचं रूप कसं बदलतात, हे मला नीट समजून घ्यायचंय. लॅपटॉप आहे, आजोबांची पेटीही माळ्यावर पडलीय. कशावर बसू?" दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर जरा घाईचं झालं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी दोन्ही करून पाहिलंय. लॅपटॉपवर मिडी फाइल (आवाज नव्हे, कुठला स्वर कधी वाजवायचा याची नोंद) उघडून पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर ठोकळ्यांसारखे दाखवणाऱ्या जाळीत, किंवा म्युझस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये धून पाहणं, हा एक रस्ता. मोबाइलवर धून लावून कानाने स्वर काढणं आणि वहीत सरगम लिहिणं, हा दुसरा. पहिल्यावर जवळजवळ दोन वर्षं काढली. सध्या टेबलावर पेटी आहे आणि लॅपटॉप पलंगावर असतो, यावरून काय ते समजा. तरी तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो.

आधी लॅपटॉपची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. आमच्या पिढीने टीव्ही गेममध्ये कॅसेट फुंकून घातली आणि १९८५चा सुपर मारिओ खेळला. त्या यंत्रात दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक नमुना-आवाजाचा, एवढेच चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजणारे वेगवेगळे आवाज. त्यातलं संगीत एनएसएफ नावाच्या फाइलमध्ये मिळतं आणि चांगल्या प्लेअरमध्ये एकेक चॅनेल बंद करता येतो. वरची चाल बंद करून खालचा ट्रँगल एकटा ऐकला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की लहानपणापासून मी या धुनेचा अर्धा भाग ऐकलाच नव्हता. पेटीवर हे कधीच झालं नसतं.

उलटसुलट करून पाहायचं असेल तरी यंत्राला तोड नाही. झेल्डा या गेममालिकेतल्या अंगाईची सुरुवात माझ्या वहीत 'ग प रे, ग प रे' अशी आहे, सा पांढरी पाचवर (सी पासून मोजलेली पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे जी). त्याच मालिकेतल्या २०११च्या स्कायवर्ड स्वॉर्डची मुख्य धून म्हणजे हीच अंगाई उलटी वाजवलेली. वहीवर उजवीकडून डावीकडे वाचत मी तासभर झगडलो. पियानो रोलमध्ये निवडून रिव्हर्स केलं, संपलं. शिवाय अंडरटेल. २०१५चा गेम, टोबी फॉक्सचं संगीत, साउंडट्रॅकमध्ये १०१ तुकडे आणि त्यात मोजक्या चाली पुन्हापुन्हा वेश बदलून येतात. गेममधल्या बोलक्या फुलाची ती गोडगोड 'युअर बेस्ट फ्रेंड' पुढे 'युअर बेस्ट नाइटमेअर'मध्ये अंगावर येते. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावून सरकवत बसायचं असेल, तर पेटीचं नावही काढू नका.

मग अडलं कुठे?

सारियाच्या गाण्यावर अडलं. १९९८च्या ऑकारिना ऑफ टाइम या झेल्डा गेममधली, संगीतकार कोजी कोंडोंची ती जंगलातली धून. गेममधल्या ऑकारिनावर (फुंकून वाजवायचं छोटं वाद्य) वाजवायचे स्वर तीनच, एफ ए बी, एफ ए बी. मिडी फाइल उतरवली, म्युझस्कोरमध्ये उघडली. पट्टी कुठली दाखवली? सी मेजर. ना शार्प, ना फ्लॅट, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. बऱ्याच फाइली बनवणाऱ्याने पट्टीची नोंदच केलेली नसते, मग बरंचसं सॉफ्टवेअर सरळ सी धरतं. मी त्यावर विश्वास ठेवला आणि सरगममध्ये लिहून काढलं: म ध नि, म ध नि, म ध नि गं रें (वर ठिपका म्हणजे वरचं सप्तक). बरोबरच होतं म्हणा, चूक एकही स्वर नव्हता. पण वाचून काहीच कळेना. ही धून जंगलासारखी का वाटते, तिला पाय जमिनीला न टेकल्यासारखं का होतं, याचं उत्तर त्या ओळीत कुठेच नव्हतं.

संध्याकाळी वैतागून पेटी काढली. कुठलीही पट्टी मनात न धरता नुसती धून वाजवत राहिलो आणि भात्यावरचा हात थांबला की कान कुठल्या स्वराकडे परत जातो ते पाहिलं. तो गेला पांढरी चारवर, म्हणजे एफ वर. मग तिथेच सा धरला आणि वहीत नव्याने लिहिलं (खाली ठिपका म्हणजे खालचं सप्तक):

सा ग म॑, सा ग म॑, सा ग म॑ नि ध, म॑ प म॑ रे नि़, ध़ नि़ रे नि़

म तीव्र! तिसऱ्याच स्वराला तीव्र मध्यम, आणि पहिल्या ओळीतला बराच वेळ चाल त्याच्याभोवतीच घुटमळते. सी मेजरच्या पांढऱ्या पट्ट्यांत तो तीव्र म साध्या 'नि'च्या नावाखाली लपून बसला होता. आमच्या गल्लीतले नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते ओट्यावर बसले होते, मी खिडकीशी वाजवत होतो. तिसऱ्या वेळी त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "हाई ते यमन शे रे भो!" हा तर तीव्र मध्यमाचा यमन राग आहे, असं त्यांचं म्हणणं. अमळनेरच्या गल्लीत बसलेल्या त्या माणसाला क्योटोच्या कंपनीतल्या संगीतकाराचं नावही माहीत नव्हतं.

इथे थोडं सांभाळून बोलायला हवं. सारियाचं गाणं यमन नाही, कोंडोंनी यमन मनात धरला असं मी म्हणत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने सांगायचं तर एफ लिडियन (एफ सा आणि मध्यम तीव्र असलेली स्वरमाला) म्हणता येईल, आणि ती सी मेजरच आहे असं मानणारेही असतील. ओळीचा शेवट ई वर टेकतो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. कदाचित यमन माझ्या आणि नानांच्या कानात आहे, धुनेत नाही. पण माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. सा कुठे आहे हा प्रश्नच यंत्राने मला विचारला नाही. परस्पर उत्तर देऊन टाकलं. पेटीवर सा ठरवल्याशिवाय वहीत पहिलं अक्षरसुद्धा लिहिता येत नाही, आणि धुनेचा निम्मा अभ्यास मला वाटतं त्या ठरवण्यातच होतो.

आणि रूपांतराचा अभ्यास करायचा तर हे जास्तच टोचतं. एकच चाल गेममध्ये एकदा या पट्टीत येते, एकदा त्या पट्टीत. पाश्चात्त्य नावांनी लिहिली की प्रत्येक वेळी अक्षरं वेगळी. सरगममध्ये सा सरकवला की ओळ तीच राहते आणि बदललेला एखादा स्वर खड्यासारखा डोळ्यांत खुपतो. मारिओची भुयारातली धून घ्या: सा सां, ध़ ध, मग कोमल नि तसाच जोडीने. पुढे म, रे, कोमल ग. वेगळं वाटतं, पण सा पांढरी चारवर नेला तर तोच तुकडा जसाच्या तसा. खरं सांगायचं तर पियानो रोलमध्येही हा सरकलेला आकार दिसतो, चांगला दिसतो. फक्त तिथे काळ्या पट्ट्यांवर सगळीकडे शार्पच छापलेलं असतं, त्यामुळे कोमल नि दिसतो 'ए शार्प' म्हणून, जणू ध ने उंच टाचांचे सँडल घातलेत. छोटीशी गोष्ट, पण दोन वर्षं रोज बघितलं की चीड येते.

फाइली बनवणाऱ्यांबद्दल एक वाक्य बोलून पुढे जातो. इंटरनेटवरच्या बहुतेक मिडी फाइली कुणातरी हौशी माणसाने कानाने काढलेल्या असतात. म्हणजे तुम्ही अभ्यास करता तो त्याच्या कानाचा. एका बॉस-फाइटच्या, म्हणजे मोठ्या शत्रूशी होणाऱ्या लढाईच्या, धुनेत 'बदललेला' स्वर सापडला म्हणून मी पानभर टिपण केलं होतं. गेम लावून ऐकलं तर तिथे काही बदललेलंच नव्हतं.

आता पेटीची रड. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, मग मोबाइल थांबवायचा कुणी? मी पायाच्या अंगठ्याने थांबवायला शिकलोय, घरचे हसतात. पेटीचे सूर मोबाइलच्या सुराशी तंतोतंत जुळत नाहीत, माझी तर पाव सुराने खालीच आहे. पण सगळ्यात मोठी उणीव सुसंवादाची, म्हणजे कॉर्डची. गेमच्या संगीतात कितीदा वरची चाल तीच राहते आणि खालचे कॉर्ड बदलून तिचा अर्थ बदलतात. त्यासाठी एकाच वेळी तीन-चार स्वर ऐकू यावे लागतात, आणि एका हाताने पेटीवर ते ओढूनताणूनच होतं. तुम्हाला हाच भाग खोलात बघायचा असेल, तर माझं ऐकू नका, लॅपटॉप घ्या.

चाल आणि ठेका या बाबतीत मात्र पेटी पुन्हा सरस ठरते. आपल्याकडे कानबाईची गाणी किंवा भजनं म्हणताना एका चालीवर वेगवेगळे शब्द बसवतात. गेममध्ये शब्द नसतात, तिथे चाल तीच ठेवून ठेका बदलतात. १९९०च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये जमिनीवरची धून पाण्याखाली गेली की तीन मात्रांवर डोलायला लागते, उड्या मारायच्या लेव्हलला पळत सुटते, भुयारात वेगळीच होते. चाल एकच. पियानो रोलमध्ये हे बघितलं तेव्हा सगळे ठोकळे वेगळे दिसले, लांबी वेगळी, अंतर वेगळं, नातं कळायला वेळ लागला. पेटीवर चार मात्रांत वाजवून मग मांडीवर दादऱ्यासारखी थाप धरली आणि बोटं आपोआप त्याच पट्ट्यांवर गेली. बोटांना आठवण असते, एवढंच म्हणेन.

दोन्हींनी हात टेकावेत अशाही जागा आहेत. मारिओ वर्ल्डमध्येच योशी नावाच्या डायनोसॉरवर बसलं की त्याच धुनेत बोंगो सुरू होतात. ऑकारिना ऑफ टाइममधल्या लॉस्ट वुड्स या जंगलात बरोबर वाट धरली तर सारियाची धून मोठी ऐकू येते, म्हणजे आवाजच नकाशाचं काम करतो. १९९१च्या मंकी आयलंड २मध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी बनवलेली आयम्यूज नावाची व्यवस्था एका धुनेतून दुसरीत असं नेते की सांधा कुठे ते सापडत नाही. हे ना फाइलमध्ये दिसतं, ना वहीत उतरतं. गेम खेळत बसायचं, दुसरा इलाज नाही. घरच्यांना सांगायला हे कारण उत्तम आहे.

विजेचाही मुद्दा आहे, तो तुम्ही पुण्यात राहत असाल तर सोडून द्या. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी तासभर तग धरते, आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना तो मांडीवर ठेवणं म्हणजे तवाच. पेटीला लाईट लागत नाही.

मावसभावाला शेवटी हे सांगितलं. रोज अर्धा तासच मिळत असेल आणि कान आधीच तयार असेल, तर लॅपटॉप. पुढे स्वतः गेमसाठी संगीत करायचं असेल तरीही लॅपटॉपच, कारण कामाला तोच लागणार. पण नुसतं समजून घ्यायचं असेल, तर पहिल्या दहा धुना पेटीवर काढ. प्रत्येकीचा सा आधी शोध, तो वहीच्या कोपऱ्यात 'पांढरी चार', 'काळी एक' असा लिही, मगच पुढची ओळ. त्यानंतर हवं तर मिडी उघड आणि स्वतःची चूक शोध. मी अजूनही तसंच करतो; चॅनेल वेगळे करून ऐकायला लॅपटॉप, लिहायला पेटी.

आणि आजोबांची पेटी माळ्यावरून काढशील तेव्हा आधी दोन दिवस घरातल्या सावलीत नुसती उघडी ठेव. पत्र्याखालच्या माळ्यावर आपल्याकडचा उन्हाळा पेटीची लाकडी पट्टीसुद्धा वाकवतो. माझ्या पेटीतला एक सूर त्यामुळे दाबला की दाबलेलाच राहतो. नेमका पांढरी सात, म्हणजे सारियाच्या गाण्यातला तीव्र म. नाना म्हणतात भुसावळला एक चांगला दुरुस्तीवाला आहे, पण अजून जाणं झालेलं नाही.